ओरखड्यानं दिवस गेले का?

अण्णा, मी तुम्हाला दवाखान्यात यायला बंदी केली, त्या दिवसाबद्दल तुमच्याशी कधी बोललेच नाही. टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसले होते आणि ह्यांची सातपूरला फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून तुम्ही सोबत आलात. डॉक्टर म्हणाले, पुढच्या प्रयत्नाआधी पिशवीच्या अस्तराला बारीक ओरखडा देऊ. सक्ती नाही, पण त्यानं गर्भ रुजायला मदत होते म्हणतात. मी मान डोलावतेय आणि तुम्ही, जन्मभर कारखान्यात माल तपासलेला माझा बाप, खुर्चीत पुढे सरकून विचारताय, "हे न करता किती जणींना राहतं, ते बघितलंय का?" डॉक्टर हसले. "काका, बाईचं शरीर म्हणजे नटबोल्ट नव्हे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी तुमच्यावर फिस्कारले, "तुम्हाला काय कळतं यातलं? पुन्हा येऊ नका." तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. रिक्षा बघतो."

ओरखड्यानं जीव कळवळला, पण त्या खेपेला दिवस गेले. मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन तुम्ही पुटपुटलात, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला." मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तिच्या उष्टावणाआधीच तुम्ही गेलात.

उशिरा मूल झालेल्या बाईला हळदीकुंकवाला कोपऱ्यात घेऊन बायका विचारतातच, तू काय केलंस गं? मी डॉक्टरांपेक्षाही ठामपणे सांगायची, तो ओरखडा तेवढा घे. त्या खेपेला इंजेक्शनंही बदलली होती, हे मात्र मी कुणालाच सांगत नसे. सिन्नरच्या मामेबहिणीनं माझ्या शब्दावर तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदाही काही झालं नाही, तेव्हा तिचा फोन आला. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली.

"ताई, दर टायमाला लय दुखलं गं. तू म्हणली म्हणून केलं. तुला त्यानंच राहिलं ना? खरं सांग."

मला माहीत नव्हतं, अण्णा. आजही नाही. पण तसं म्हणाले असते तर तुमचं खरं ठरलं असतं, आणि माफी मागायला तुम्ही उरला नव्हतात. मी म्हणाले, "त्यानंच." तिनं चौथ्यांदा करून घेतलं. तिची कूस काही उजवली नाही.

हे पत्र टाकणार कुठे? खरं तर ते तिलाच लिहायला हवं. ती अजून सिन्नरलाच असते, मला ताईच म्हणते. तिला लिहायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.