बंब पोचला

उस्त-कोश गाव,
१२ ऑक्टोबर १९६९

जावईबापू अर्काडी यांस सासूबाई पेलागेयाचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. कोबी खारवून झाला, गाय आटली, माझी तब्येत उत्तम. तुम्ही पाठवलेला पाण्याचा बंब पोचला. हे पत्र टपालानं नाही, तुमच्याच ट्रकवाल्याच्या हाती, लोकरी मोज्यात शिवून पाठवतेय. का, ते पुढे कळेल.

बंब दणकट आहे. चौघांनी मिळून उतरवला. तोटी बसवलीत, वर झाकण केलंत, हिरवा रंग दिलात. हौसेनं केलंय, दिसतंच. फक्त एक विचारते जावईबापू, बंबाला नाक कशाला हो असतं?

तुमच्या कारखान्यात भांडी होतात असं माझी लेक राया सांगते, आणि मी मान डोलावते. तशीच डोलावत राहिले असते. पण उतरवायला शेजारचा कुझ्मा आला. त्याची अख्खी नोकरी लढाऊ विमानांखाली वस्तू टांगण्यात गेली. त्यानं गोणपाट बाजूला केलं आणि जुना सोयरा भेटल्यासारखा खुलला.

"अगं पेलागेया, हा तर अडीचशेचा!"

"अडीचशे काय? रूबल?"

"किलो गं! नावाला अडीचशे, काट्यावर जरा कमीच. त्यात स्फोटाची दारू जेमतेम शंभर, बाकी सगळं लोखंड."

म्हटलं, म्हणजे बाजारातल्या कोंबडीसारखंच, हाडंच जास्त.

मग त्याला कोण आवरणार! नाकावरचं कडं दाखवलं. म्हणे, पडताना डुलू नये म्हणून असतं. पाठीवरचे दोन कान टांगायचे. शेपूट तुम्ही कापलंत. त्याच्याशिवाय तो कोलांट्या खात पडला असता. हा जुन्या घाटाचा, बुटका, विमानाच्या पोटात बसणारा. नवे निघालेत ते सडपातळ, लांब नाकाचे, पंखाखाली उघड्यावर टांगतात, म्हणून वारा कापावा लागतो.

"म्हणजे हा तुझ्यासारखा, आणि नवा आमच्या जावयासारखा," मी म्हटलं.

"आणि याला हाकता येत नाही हं," कुझ्मा म्हणाला. "उंची बघायची, वारा बघायचा आणि सोडायचा. एकदा सुटला की परत बोलावता येत नाही."

तेव्हा मला का कोण जाणे, रायाचं लग्न आठवलं.

हे सगळं कुझ्मा हळू बोलला असता तर तो कुझ्मा कसला! कुंपणापलीकडून आमच्या फेदोत पोलिसानं 'स्फोट' हा एकच शब्द ऐकला आणि शिट्टी फुंकली. अर्ध्या तासात सगळं गाव, कोंबड्याबकऱ्यांसकट, नदीपलीकडे. वर पाऊस. कुझ्मा घसा फोडून सांगतोय, "अरे रिकामा आहे, हंडा आहे नुसता!" पण कुझ्माचं कोण ऐकतं?

फेदोत पलीकडून ओरडला, "कुणी पाठवला? तालुक्याला तार करतो!"

  मी कुझ्माला म्हटलं, उचल. आम्ही दोघांनी आणि ट्रकवाल्यानं तो न्हाणीघरात लोटत नेला, नाक खाली करून भट्टीवर उभा केला. पाच बादल्या पाणी ओतलं, लाकडं पेटवली, दोघांना बाहेर काढलं आणि मी कपडे उतरवून आत बसले.

खिडकीतून ओरडले, "फेदोत! बंब आहे की बॉम्ब, आता कळेलच!"

पाणी उकळलं. धुराड्यातून धूर, दारातून वाफ, आणि आत मी गाणं म्हणतेय. पलीकडे माणसं थंडीनं कुडकुडत होती. शेवटी फेदोतच होडीतून आला, दात वाजवत. मी कपडे घातले, त्याला आत ढकललं आणि कुझ्मानं, न्हाणीतला रिवाजच तो, बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी त्याची पाठ शेकून काढली. बाहेर आला तो बीटासारखा लाल.

"पेलागेयाकाकू, असा बंब तालुक्यातसुद्धा नाही."

"मग तारेत काय लिहितोस?"

"काय लिहू? मी त्यात आंघोळ केली म्हणून?" आणि टोपी घालून निघून गेला. आता दर शनिवारी येतो म्हणतोय.

कुझ्मानं कान आणि कडं कापून टाकलं, नाक भट्टीच्या विटांत दडवलं. कड्याला गाय बांधते.

आता ऐक अर्काडी. तू टाकाऊतला उचललास, तरी सरकारी तो सरकारीच. ती तार गेली असती तर? माझी पोरगी तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी राहिली असती. आणि कशासाठी? गेल्या हिवाळ्यात मी बादल्यांसकट बर्फावर आपटले म्हणून? रायानं सांगितलं ना? मी बजावलं होतं तिला.

बरं, तब्येत उत्तम नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या दिवशी आत बसले ती भीतीनं थरथरत. तो फुटेल म्हणून नाही, तुझं नाव फुटेल म्हणून. मग खांद्यावर ऊन पाणी पडलं आणि मी गाण्याआड पोटभर रडले. हे रायाला सांगू नकोस.

आता काही पाठवू नकोस रे. कढई नाही, किटली नाही, तुमच्या कारखान्यातलं काहीच नाही. सुट्टी मिळव आणि दोघं या, रिकाम्या हातांनी. तुझ्या पाठीवर डहाळ्या मी स्वतः चालवणार, डाव्या हातानं. अर्ध्या रागाच्या, अर्ध्या मायेच्या. कुठल्या कोणत्या ते तुझं तू ओळख.

तुम्हा दोघांची आई,
पेलागेया