बुडबुडा दिसेपर्यंत

भाईंदर पूर्व, खारी
११ सप्टेंबर १९९६

प्रिय आप्पा,

सप्रेम जय भीम. तुमचं पत्र सोमवारी पोचलं. शेठच्या हातापाया पड, माफीच्या कागदावर सही कर आणि नोकरी टिकव, असं तुम्ही लिहिलंत. आईनेही खाली दोन ओळी जोडल्यात, म्हणजे तुमचं दोघांचं ठरलंय. मी सही करणार नाही. रागवायचं तर रागवा, पण आधी पत्र पूर्ण वाचा.

आमच्या कारखान्यात रॉकेलच्या स्टोव्हच्या टाक्या बनतात आणि मी त्या तपासते. टाकीत पंपाने हवा भरायची, पाण्याच्या टबात बुडवायची आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की टाकी बाद. भोक बारीक असेल तर बुडबुडा लगेच सुटत नाही, मुंगीच्या डोक्याएवढा होऊन जोडाला चिकटून बसतो. म्हणून मी प्रत्येक टाकी अर्धं मिनिट पाण्याखाली धरते. ती पुढे कुठल्यातरी बाईच्या तोंडासमोर पेटणार असते. शेठना मात्र बुडवली, काढली, शिक्का मारला एवढंच हवंय. गेल्या महिन्यात मी त्रेचाळीस टाक्या परत पाठवल्या, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "संध्या, तू यहाँ नौकरी करती है या मछली पालती है?" सगळे हसले. हसू मलाही आलं, खोटं कशाला सांगू. पण त्रेचाळीसातली एकही सोडली नाही.

मग इंग्रजीत मेमो आला, सोबत सही करायला तो माफीचा कागद. माझ्यात डिलिजन्स नाही म्हणे. आमचा सुपरवायझर दशरथ इथल्या गावातलाच, त्याने अर्थ सांगितला, "तुझे अंगात मेहनत न्हाय, असा लिवलाय." आप्पा, हे फार झोंबलं. शेजारच्या नीलिमाताई शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे जाडजूड कोश आहे. त्यांनी शब्दाचं मूळ शोधून दिलं. तो लॅटिनमधून आलाय. आधी निवडून वेगळं काढणं, मग जे निवडलं ते मोलाचं मानणं, त्यावर माया करणं, असा त्याचा जुना अर्थ. भराभर हात चालवणं त्यात कुठेच नाही. मला तर तांदळातले खडे वेचणारी आईच दिसली. आणि विहारात तुम्ही आम्हा पोरांना अप्पमाद समजावायचात, म्हणजे गाफील न राहणं, तेही आठवलं. शेठनी नाही म्हणून सांगितलेली गोष्ट माझ्याकडे लहानपणापासून आहे. मेमोला उत्तर मी हेच लिहिलं. नीलिमाताईंनी त्याचं इंग्रजी केलं.

शनिवारी शेठनी बोलावलंय. नोकरी बहुतेक जाईल. नया नगरात शिलाईचं काम मिळतंय, तेव्हा माझ्या पोटाची काळजी करू नका.

आता खरं कारण सांगते. तुमचा हात कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेला तेव्हा मी सातवीत होते. 'माझंच लक्ष नव्हतं,' असं तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात. ते ऐकतच मी एवढी सावध झाले. मागच्या खेपेला घरी ट्रंकेत माझा शाळेचा दाखला शोधताना एक कागद सापडला. 'माझ्या हयगयीमुळे अपघात झाला, मालकाचा दोष नाही', आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. तुम्ही शिकलेले, तुम्हाला सही येत होती. उजवा हात बँडेजात असताना मालकाच्या माणसांनी दवाखान्यात येऊन अंगठा घेतला. त्याच कागदाला तुमच्या अर्जाची नक्कल टाचलेली होती, अपघाताच्या दहा दिवस आधीची, तुमच्या सुंदर अक्षरात. मशीनची जाळी तुटली आहे, कुणाचा तरी हात जाईल, असं तुम्ही कळवलं होतंत. आख्ख्या जिनिंगमध्ये लक्ष होतं ते तुमचं एकट्याचं. चूक तुमची नव्हती, आप्पा. एवढं सांगायलाच हे पत्र लिहिलं. आता हे आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचीच,
संध्या