पेशंटजवळची दोन मिनिटं

सेक्टर ५, भिलाई

प्रिय कौशल्या,

फोनच करणार होते, पण फोनवर ‘मी बरी आहे’ असं तोंडातून आपोआप निघून जातं. म्हणून कागद घेतला.

तू मुलाकडे भंडाऱ्याला गेलीस त्याला तीन वर्षं होतील. तुझ्या जागी कुणीच आलं नाही. वॉर्डात सोळा खाटा, त्यात आता नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेणाऱ्या चार मुली माझ्याकडे. तासभर वर्ग घ्यायला वेळ कुठला? म्हणून खाटेपाशीच शिकवते, एकीला दोन मिनिटं. तिनं पेशंट तपासला की विचारायचं, काय वाटतं तुला? कशावरून? मग बरोबर केलेलं एक सांगायचं, चुकलेलं एक सांगायचं, की पुढची खाट. आपल्या वेळच्या सिस्टर सगळं स्वतःच सांगून टाकायच्या आणि आपण नुसत्या माना डोलवायचो. या मुली विचार करतात गं.

आमचे श्यामराव वारल्यापासून दिवसभरातलं माझं खरं बोलणं तेवढंच. घरी आले की कुणी नाही. हल्ली दाराला आतून कडीही लावत नाही. कधी पडलेच, तर लोकांना दार तोडावं लागू नये.

मंगळवारी हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर दम लागला, कठडा धरून उभी राहिले. मागून मरोदा वस्तीतली समृद्धी आली, चौघींतली सगळ्यात अबोल. तिनं माझी नाडी धरली. सवयीनं मी विचारलं, “काय वाटते तुले?”

“मॅडम, ठोके एकसारखे नाही. पायावर सूज बी हाय.”

“पायाकडे कावून पाहिलं?”

ती रडवेली झाली. “पंधरा दिवसांपासून तुमी बसूनच शिकवून राहिल्या ना.”

मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तिला म्हटलं, बरोबर ओळखलंस. चूक एवढीच की पंधरा दिवस गप्प राहिलीस. मग तिनंच मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

हृदयाची झडप अरुंद झाली आहे. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला रायपूरला ऑपरेशन. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव लागतं. कारकून पेन धरून थांबला होता. मी तुझं नाव सांगितलं. नातं विचारलं, तर बहीण म्हटलं. तुला न विचारताच. सहीसाठी आदल्या दिवशी यावं लागेल. येशील?

तुझीच,
विजया