रोहितची नस

४ नोव्हेंबर
आले एकदाची नाशिक रोडला. जेल रोडवर खोली मिळाली, समोर शेवग्याचं झाड, हवा सुखाची गार. मुंबईच्या घामानंतर इथे माणसासारखं वाटतं. दवाखाना लहान मुलांचा, नवा कोरा. मला मुद्दाम बोलावून घेतलंय, तान्ह्या मुलांचं रक्त काढायला. का, ते पहिल्याच दिवशी कळलं. इथल्या सिस्टर मुलाला टोचतात की गोधडी शिवतात, देव जाणे. एका पोरीच्या दोन्ही हातांची चाळण करून ठेवली होती. मी तिची मूठ गरम फडक्यात धरली, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला, पंजाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि एका टोचणीत ट्यूब भरली. अंजली सिस्टर तोंड उघडं टाकून बघत होती. बघू दे. शिकणार तर नाहीच.

६ नोव्हेंबर
ललितसर, म्हणजे इथले मोठे डॉक्टर, राउंडला आले की आधी केस नीट करतात आणि मग पेशंट बघतात. आया तर विचारूच नका. सुई दिसली की पोराआधी स्वतः रडतात. एका बापाला मी वॉर्डाबाहेर काढलं, तर तो बाहेर जाऊन चक्कर येऊन पडला. असल्या माणसांना मुलं होतात तरी कशी.

९ नोव्हेंबर
आज एक वेगळं मूल आलं. रोहित, दहा महिन्यांचा. अंगात रक्त नाही, ओठसुद्धा पांढरे, आणि कारण कुणाला सापडत नाही. आई उज्वला, कळवणला शाळेत शिक्षिका आहे. माझं नाव ऐकून आलेय म्हणाली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
बाळ रडलं नाही. कोपराच्या खळगीत बोट ठेवलं, तर नस आपणहून वर आली, मांजर पाठ उंचावतं तशी. एवढ्या फिक्या पोराचं रक्त थेंबथेंब यायला हवं होतं. ते भसाभसा आलं. तो माझ्याकडे बघत होता.

११ नोव्हेंबर
माझ्या कोपरापाशी काळंनिळं झालंय. कुठेतरी आपटला असेल हात.
रोहितच्या गालांवर रंग चढलाय. ललितसर श्रेय आपल्या टॉनिकला देतायत. त्या टॉनिकने कुंडीतली तुळससुद्धा हिरवी होणार नाही. आज हाताच्या पाठीवरून रक्त घेतलं. उज्वला माझी बोटं बघत होती. सुई कोणती, कातडी कशी ताणायची, सगळं विचारलं. सांगितलं मी. या गावात निदान एका बाईला कळतं, की ही हमाली नाही.

१४ नोव्हेंबर
लॅबमधला सोमनाथ म्हणतो, रोहितचा रक्तगट चुकतोय. कळवणच्या दवाखान्याच्या कागदावर बी पॉझिटिव्ह आहे, मी काढलेल्या दोन्ही वेळच्या रक्ताचा ओ निगेटिव्ह येतो. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, ट्यूब अदलाबदल करतोस आणि माझ्यावर ढकलतोस म्हणून. बिचारा मान खाली घालून गेला.
ओ निगेटिव्ह माझा गट आहे. असतो पुष्कळांचा.
जिना चढताना दोनदा थांबावं लागलं.

१६ नोव्हेंबर
माझ्या हाताच्या पाठीवर टोचल्याची खूण आहे. मी मुलांना बारीक बटरफ्लाय सुई लावते, तिथेच. अंजलीने बळेच माझं रक्त तपासायला लावलं. तीन ठिकाणी टोचलं बयेने. हिमोग्लोबिन सहा. ललितसरांनी विचारलं, जेवता ना? या माणसाला डिग्री कुणी दिली.
दुपारी मला रक्ताची पिशवी चढवली. संध्याकाळी रोहित पहिल्यांदा खळखळून हसला म्हणे. वॉर्डात पेढे वाटले.

१८ नोव्हेंबर
खात्री करायला गेले. मूर्खपणाच होता, पण असल्या भाकडकथेला घाबरून मी सुई खाली ठेवणार नव्हते. पायातली चप्पल काढली. रोहितच्या पावलावर टोचलं आणि माझ्याच पावलात कळ गेली. खाली पाहिलं. त्याची ट्यूब भरत होती आणि माझ्या पायावर रक्ताचा एक थेंब वर येत होता.
उज्वलाला विचारलं. ती दचकलीसुद्धा नाही. पोराचं पाऊल पुसत म्हणाली, “कळवणच्या सिस्टर लवकर संपल्या. त्यांचा हात जड होता, अर्धं वाया जायचं. तुमचा हात चांगला, मॅडम, म्हणून तर तुम्हाला शोधलं.”
मी म्हणाले, यापुढे या मुलाला हात लावणार नाही.
“हरकत नाही. बघून बघून मला जमेल आता.”
डिस्चार्ज घेऊन गेली. तिच्याबरोबर ट्रेवरच्या सुयाही गेल्या. ललितसरांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, आराम करा.

१९ नोव्हेंबर
खोलीतच आहे. सकाळी डाव्या मनगटात टोचलं. खोलीत कुणी नाही. दार बंद. टोचून आत फिरवतेय — नस सापडत नाहीये तिला. कळवणला निरोप पाठवला. शाळेत कुणी उज्वला नाही म्हणतात —

२० नोव्हेंबर
आज पुष्कळदा. दोन्ही हात. अंजली आली होती, सलाइन लावायला. माझ्या हातात तिला एकही नस मिळेना. रडली ती माझा हात धरून. मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं काहीतरी चांगलं —

२१
ओठ पांढरे. आरशात —
पुन्हा. कोपर. किती गचाळ हात आहे हिचा. शाळेत काय शिकवत असेल — आरपार घातली नसेतून. सुई एवढी उभी नाही धरायची, बाई. आडवी कर. मी दाखवलं होतं. कातडी ताण आधी. ताण. आता हळूच —
हां. लागली. असंच. आता हलवू नकोस, भरू दे —