डावं चाक

३ ऑक्टोबर, शुक्रवार

टायर आले. चार! माझ्या शिवणाच्या खोलीत, मशीनला टेकवून ठेवलेत. सगळ्या घरात रबराचा वास. शेडमध्ये का नाही ठेवले विचारलं तर बाबा म्हणाले, "ऊन लागतं." आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला वास लागतो, त्याचं काय?

आत्या दारातच थबकली. "दादा, पिकअपचेच आणलेस ना? का चुकून ट्रॅक्टरचे?"

जुन्यापेक्षा दोन इंच उंच आणि इंचभर रुंद. बाबांनी मोजून आणलेत. ऑगस्टमध्ये डोंगराची कड खाली आली तेव्हापासून वरच्या रस्त्यावर नुसते दगड. बावीस वर्षं बाबा आठवड्यातून दोनदा वरच्या दवाखान्यात औषधं आणि ऑक्सिजनचे सिलिंडर नेतात. आता गाडीचं पोट दगडांना लागतं. दोन महिने झाले, माणसं खांद्यावरून सिलिंडर वर नेताहेत. वरच्या नर्सबाईंचा निरोप होता – दोघं जण पाठीला पट्टा बांधून बसलेत, तिसरा कधी बसेल सांगता येत नाही. बाबांनी शब्द दिलाय, एक नोव्हेंबरला गाडी वर येईल.

५ ऑक्टोबर, रविवार

पुढचे दोन टायर चढवले. उभी गाडी इतकी ऐटबाज दिसली की मला वाटलं झालं काम! बाबा चाकापाशी आडवे झाले, मला स्टिअरिंगवर बसवलं. "काय मास्तर, पाय पोचतो का?" (मी शिवायला लागल्यापासून मला मास्तरच म्हणतात.) "पूर्ण डावीकडे वळव."

खर्रर्र! दात शिवशिवले.

उजवीकडे – थोडं कमी, पण तेही.

बाबा म्हणाले, सरळ उभं राहायला काय, कुठलंही टायर बसतं. वळवल्यावर कळतं. मग माझा शिवणाचा खडू मागितला. निळा. चाकावरच्या कमानीच्या आतल्या बाजूला सगळीकडे फासला. परत वळवलं. जिथला खडू पुसला गेला, तिथे घासतंय. इतकं सोपं! मी पंधरा वर्षं लोकांच्या बगला बेतते, आणि मला हे सुचलं नसतं.

खडू मात्र संपला.

८ ऑक्टोबर, बुधवार

टायरवाला बघायला आला होता. पान पंधरा मिनिटांत संपलं, सल्ला त्याआधीच. "काका, कशाला कापाकापी करताय? वळण अडवणारा बोल्ट आहे ना, तो दोन आटे बाहेर काढा. चाक तेवढं वळणारच नाही, घासणारही नाही."

खरंच सोपं होतं. मलाही पटलं. बाबा नाही म्हणाले. टायरवाल्याने दोनदा समजावलं, बाबांनी दोनदा मान हलवली. शेवटी जरा चढ्या आवाजातच – "चाक कमी वळलं तर वरच्या वळणावर गाडी एका दमात वळायची नाही. मागे घ्यावी लागेल. दरीकडे. ते मला नको."

त्या वळणाची गोष्ट टायरवाल्याला माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी तिथे गाडी मागे घेत होते. मागचं चाक कठड्याबाहेर गेलं. बाबा शेजारी होते. ओरडले नाहीत. मला हात धरून उतरवलं, स्वतः बसले, गाडी काढली, घरी येईपर्यंत बियाणाच्या भावाबद्दल बोलत राहिले. त्यानंतर मी बाजारापर्यंत गाडी नेते, पण वरचा रस्ता नाही. कधी कुणी विचारलंही नाही.

बाबांना बावीस वर्षांत तिथे गाडी मागे घ्यावी लागली असेल शंभरदा. आता एकदम का भीती? वय झालं, दुसरं काय.

११ ऑक्टोबर, शनिवार

चाकाच्या कमानीला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. ते गरम करून मागे दाबलं. मऊ झालेलं प्लास्टिक, वर ओलं फडकं, त्यावर बाबांचा अंगठा. जिथे दाबून भागलं नाही तिथे कापायचं. मी खूण केली, बाबांनी कापलं. "खुणेच्या आत काप, मास्तर सांगतात ना शिकाऊ मुलींना? कमी कापलं तर अजून कापता येतं." माझंच वाक्य मला ऐकवलं!

एक गोष्ट लिहून ठेवते. बाबा खडूची खूण डोळ्यांनी बघत नव्हते. बोटाने चाचपत होते. मला आधी वाटलं काय हा हात! मग दहा नंबरचा पाना त्यांनी तीनदा मागितला. त्यांच्या डाव्या कोपराशीच पडला होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

चहा देताना त्यांच्या डावीकडे उभी राहिले आणि हात हलवला. मोठा, टाटा करतात तसा. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत बोलत राहिले.

उजवीकडे जाऊन हलवला. तेच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काही शिवलं नाही. एका बाहीची शिवण दोनदा उसवली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आत्याला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "जिन्यावरून उतरताना भिंत धरतो हल्ली. आणि परवा माझ्या पायावरच पाय देऊन गेला. मी म्हटलं, दादा, मी काय पायपुसणं आहे?" हसली. मग हात थांबले तिचे. "तू बोल त्याच्याशी. माझं ऐकेल तर तो माझा भाऊ कसला."

समोरचं दिसतं त्यांना. पेपर वाचतात, सुईत दोरासुद्धा ओवून देतात मला. बाजूचं दिसत नाही. आणि वरच्या रस्त्याला एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. समोर काय असतं तिथे? नुसतं आभाळ!

मला रडू येत नाहीये, राग येतोय. हा माणूस सहा सिलिंडर घेऊन वर जायला निघालाय आणि मी त्याला खडूने खुणा करून देतेय. स्वतःच्या हाताने.

१९ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या स्प्रिंगांवर चकत्या बसवल्या, पुढचा भाग बोटभर उंच झाला. मागचेही टायर चढवले. दोन्हीकडे पूर्ण वळवलं – आवाज नाही. मग डावं चाक दगडावर चढवून वळवलं. पुन्हा उजवं. नाही! बाबा जमिनीला कान लावून पडले होते. "परत. सावकाश. अजून एकदा." वीस वेळा तरी फिरवलं असेल. माझे खांदे भरून आले. "हाताला कळू दे," म्हणाले, "कुठे संपतं ते."

स्वतः का नाही फिरवत? मी आत आणि ते बाहेर, हे त्यांना सोयीचं आहे. बाहेर पडून ऐकायचं असतं, बघावं लागत नाही. मला सगळं कळतंय.

२० ऑक्टोबर, सोमवार

शाबास माझी! पँटचं माप उभ्या माणसाचं घेतलं आणि तो बसला. रिकाम्या गाडीवर माप घेतलं होतं आम्ही. आज मागे वाळूची पोती टाकली, सहा सिलिंडरांच्या वजनाची. गाडी मागे बसली आणि पहिल्याच खड्ड्यात मागचं डावं चाक कमानीच्या पत्र्याला लागलं. टायरवर पांढरा ओरखडा.

नव्या शिकाऊ मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते – गिऱ्हाइकाला बसवून बघा. आणि स्वतः विसरले. बाबा इतके हसले की ठसका लागला. खूप दिवसांनी हसले. मीही हसले आणि मग शेडच्या मागे जाऊन रडले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कमानीची आतली कड ठोकून वर वळवायची म्हणून गाडी शेडबाहेर काढायची होती. मी हात धुवून येईपर्यंत बाबाच बसले. धाड! फाटकाचा डावा खांब. आरसा गेला.

उतरले, खांबाकडे बघत उभे राहिले. घर बांधलं तेव्हा तो खांब त्यांनीच उभा केलाय. मी म्हटलं, "बाबा, लागलं नाही ना?" म्हणाले, "आरसा बदलू." आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तूच घे आत."

घेतली. भित्री! आज बोलायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून जीभ उचलली नाही. पण खांब घराचा होता. वर खांब नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

बोलले. म्हणजे सुरुवात केली. "बाबा, डोळे दाखवून येऊ या."

"समोरचं झक्क दिसतंय."

"आणि बाजूचं?"

ते कड ठोकत होते. लाकडी हातोडी, दोन ठोके, चाचपून बघायचं, परत दोन. थांबले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, एक लक्षात ठेव. टायर मोठे झाले की मीटर खोटं बोलतं. चाळीस दाखवेल तेव्हा गाडी त्रेचाळीसने चाललेली असते. उताराला विसरायचं नाही."

म्हटलं, "मी डोळ्यांबद्दल विचारतेय!"

"ऐकलं मी," म्हणाले. आणि परत दोन ठोके.

३० ऑक्टोबर, गुरुवार

झालं. पोती भरून, आत्याला मागे पोत्यावर बसवून (ती आपणहून चढली, "एकदा तरी पालखीत बसू दे") गावाबाहेरच्या खाणीच्या रस्त्यावर गेलो. मीच चालवली. बाबांनी बस म्हटलं म्हणून. खड्डे, दगड, पूर्ण वळण, मागे, पुढे. परत येऊन चारी कमानी बघितल्या. खडू जसाच्या तसा. कुठेही पुसलेला नाही.

याहून सुंदर काम मी आयुष्यात बघितलं नाही. आणि तेच बाबांना वर नेणार.

चावी बॉबिनच्या डब्यात लपवली. वर बटणं, त्यावर गुंड्या. परवा एक तारीख. मागतील तेव्हा सांगेन – देणार नाही. नर्सबाईंना मी तोंड दाखवेन. सिलिंडर खांद्यावरून जाऊ देत. मला माझे बाबा हवेत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर चावी विचारली नाही. गाडी पुसत बसले होते. नवा आरसा बसवला. मला बोलावून सीटवर बसवलं, "दिसतंय का मागचं?" दिसतंय म्हटलं. मी परत शिवायला बसले. काय शिवलं, आठवत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सहा सिलिंडर चढले. मी हात घट्ट बांधून दारात उभी. तयारीतच होते, देणार नाही म्हणायच्या. बाबा म्हणाले, "चावी तुझ्या बॉबिनच्या डब्यात आहे ना? तिथेच असू दे रोज. तुझ्या हाताशी." आणि गाडीला चाचपत वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

सीट माझ्या पायांच्या मापाने पुढे घेतलेली. आरसे माझ्या उंचीचे. काच पुसायला समोरच्या खणातलं फडकं काढलं तर त्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, बाजूची नजर गेली आहे, वाहन चालवू नये. तारीख २६ सप्टेंबर. टायर आले तीन ऑक्टोबरला.

मला विचारलंसुद्धा नाही! बोलणार होते तेवढं. पण चिठ्ठी घडी करून ठेवली आणि गाडी सुरू केली.

वरच्या वळणावर बाबांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "घासलं तर मी सांगतो." मी पूर्ण वळवलं, संपतं तिथपर्यंत. गाडी एका दमात वळली. बाबा काही बोलले नाहीत.