पाय टेकंना तिथं पोहले

फुकेत, थायलंड

गिरिजाक्का, लांबूनच तुझ्या पाया पडते.

आम्ही सगळी खुशाल हाय. हे फोनवर सांगणार होते, पण तू निम्म्यातच ओरडली असतीस, म्हणून लिहिते.

काल शिवकुमारनं आम्हाला दिवसभराच्या बोटीवर नेलं. सगळी पोराबाळांची माणसं. बोट मधेमधे थांबायची आणि माणसं समुद्रात पोहायला उतरायची. लहानपणी विहिरीत बुडताना तू मला वेणी धरून वर ओढलंस, तेव्हापासून मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले न्हाय, तुला ठाऊकच हाय. पहिल्या दोन्ही ठिकाणी मी सगळ्यांच्या चपला राखत बसले.

तिसऱ्या ठिकाणी नात पाण्यातनं ओरडली, “आज्जी, तू येईस्तोवर मी वर येणार न्हाय!” रक्षिता हट्टाला कशी हाय, तू बघितलंयस. सूनबाईनं तरंगायचं जाकीट माझ्या अंगात घातलं. शिडी धरून उतरले. खाली पाय टेकंना, तशी शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली.

शिवकुमार म्हणाला, “आई, शिडी सोड की आता.”

सोडली! अक्का, बुडले न्हाय. हातपाय मारत बोटीला आख्खा वेढा घालून आले. बोटीवरची अनोळखी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. आज खांदे ठणकतायत, पण परत बोट कधी हाय, ते सकाळी मीच विचारून आले.

तुझा गुडघा कसा हाय? आप्पांचा खोकला कमी झाला का? खरं काय ते कळव.

आप्पांना सांग, तुमची धाकटी लेक समुद्रात पोहून आली. किती खोल होतं, ते मात्र सांगू नको.

तुझीच,
निर्मला