पंप, शेगडी आणि अक्काचं सहस्रचंद्रदर्शन

बुध. १९ नोव्हें.
बी.पी. ठीक. तरी डोकं जड. कारण वैदेही. सूनबाईला ऑफिसात मोठं काम मिळालं, पहिल्यांदाच एकटीच्या नावावर. अणुवीजकेंद्रांच्या सुरक्षेवर देखरेख करणारं सरकारी ऑफिस तिचं. एका केंद्राने विचारलंय, यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याचे आमचे पंप आम्ही ठरल्या मुदतीने उघडून साफ करतो, ती मुदत वाढवली तर चालेल का. वै.ने सगळं तपासून हो की नाही ते लिहायचं. केंद्र कुठलं ते सांगत नाही. मीही विचारलं नाही. (दोनदाच विचारलं.)
अमोल बायकोच्या कौतुकाचे पेढे घेऊन आला. मी अर्धाच खाल्ला. तिच्या नावावर म्हणजे उद्या काही झालं तर तेही तिच्याच नावावर.

गुरु. २०
चहाच्या वेळी वै.ला म्हटलं, "सरळ नाही म्हणून टाक. नाही म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही."
"अप्पा, नाही म्हणायलासुद्धा कारण द्यावं लागतं."
"जपून राहावं, हे कारण नाही का?"
"जपून म्हणजे नक्की काय, तेच तर बघायचंय."
आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने पुढे काय बोलायचं? पण रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला जन्म गेला माझा. जास्त साफसफाई केली म्हणून एखादं यंत्र बिघडलं, असं तिथे कधी ऐकलं नाही.

रवि. २३
विठ्ठलवाडीहून अक्काचा फोन. १४ डिसेंबरला तिचं सहस्रचंद्रदर्शन. माजिवड्याला हॉल घेतलाय.
"बाळ्या, माहेरचा तू एकटाच उरलास. तू आणलेली साडी नेसून मला पाटावर बसायचंय. नातवाच्या लग्नात पंगत बसली तेव्हा उगवलास, तसं करू नकोस. मी जुनी साडी नेसून ओवाळून घेणार नाही, सांगून ठेवते."
खरं आहे तिचं. त्या दिवशी कोपर स्टेशनावरून मी परत फिरलो होतो, गॅस बंद आहे का ते बघायला. बंद होता. नेहमी बंदच असतो. पण बघितल्याशिवाय पाय निघत नाही. बाहेर जायचं म्हणजे सगळे चपला घालून जिन्यात उभे आणि मी आत शेगडीची बटणं पिळून बघतोय, हे आमच्याकडे ठरलेलं. सौ. म्हणते, "अहो, बटणं आहेत ती, ओले कपडे नाहीत."
अक्काला शब्द दिला. दिला खरा.

बुध. २६
वै. दमून आली. केंद्राची माणसं आज तिच्या ऑफिसात आली होती. त्यांचं म्हणणं एकच, दर वेळी पंप उघडतो आणि दर वेळी तो आतून ठणठणीत सापडतो. वै.ने विचारलं, पुन्हा जोडल्यावर काय काय झालं तेही सांगा. मग हळूहळू निघालं. एकदा पाणी अडवणारं सील वाकडं बसलं. एकदा बोल्ट जास्त आवळला गेला. पंप धड होता, बिघाड झाला तो उघडबंद करण्यातून.
मला पटेना. "म्हणजे काळजी घेतली म्हणून बिघडलं?"
"कधी कधी होतं तसं, अप्पा."
"मग नका घेऊ कुणी काळजी!" आवाज चढलाच माझा.
ती म्हणाली, "तसं नाही हो. न उघडता आत काय चाललंय ते कळायला हवं. ते कसं कळणार, हे त्यांनी मला दाखवलं तर हो. नाही दाखवलं तर नाही."
कोशिंबिरीत मीठ नव्हतं.

शनि. २९
लिहू का नको असं झालंय.
सकाळी ओट्यापाशी गॅसचा वास. बारीकच, पण होता. सौ.ने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. मला घाम. शेगडी दुरुस्त करणारा आला, खोलून बघितली आणि म्हणाला, "काका, या बाजूचा बटणामागचा कॉक पार झिजलाय. एवढं कोण पिळतं हे बटण?"
अमोल पंख्याकडे बघत बसला.
"बंद झाल्यावरसुद्धा पिळत राहिलं की असंच होतं," तो म्हणाला. नवा कॉक बसवला, साबणाचं पाणी लावून दाखवलं. बुडबुडा नाही.
वै. घरातच होती. पंपाचं नावही काढलं नाही. तेच जास्त लागलं.

रवि. ३०
न राहवून विचारलं, "वैदेही, आपल्या शेगडीचं तू तिकडे लिहिणार का?"
"अप्पा, तुमच्या शेगडीवरून मी पंपाचा निर्णय दिला तर मला घरी बसवतील."
सौ. एवढी हसली की तिला ठसका लागला. मग मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. वालाचं बिरडं झकास. दुपारी झोप लागली.

शुक्र. ५ डिसें.
वै.ने हो म्हटलं.
मी हातातली पोळी खाली ठेवली. मग तिने पोळी खाता खाता समजावलं. सगळ्या पंपांना नाही, एकाच पंपाला. बाकीचे जुन्या मुदतीनेच उघडायचे. हा न उघडता अधूनमधून चालवून बघायचा, त्याची थरथर मोजायची, तेल तपासायचं. जरा काही वेगळं दिसलं तर लगेच उघडायचा आणि परत जुनी मुदत. वरच्या समितीनेही हे मानलं. पहिली चाचणी १४ तारखेला, रविवार असला तरी.
"आणि खाली तुझं नाव?"
"आहे ना."
"भीती नाही वाटत?"
"वाटते की. म्हणून तर इतक्या अटी घातल्या."
हे मात्र मला आवडलं. घाबरट माणसालाही सरकारात जागा आहे. तिने आमटी दोनदा मागून घेतली.

मंगळ. ९
वै.ने आता माझ्यासाठी अटी काढल्या. बाहेर निघताना बटणं सौ. बंद करणार आणि मोठ्याने "बंद" म्हणणार. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचं आणि "पाहिलं, बंद" असं उलट म्हणायचं. एकदाच. ओट्याला हात लावायचा नाही. केंद्रातली माणसंही कामाच्या वेळी असंच एकमेकांना बोलून दाखवतात म्हणे.
खाली दूध आणायला जाताना सराव केला. सौ. "बंद!" अशी ओरडली की शेजारच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, काय झालं? मी "पाहिलं, बंद" म्हटलं. हात शिवशिवत होते. खिशात घातले. डेअरीपर्यंत जाऊन आलो, घर जागेवर होतं.

शनि. १३
अक्कासाठी मोरपंखी साडी. सौ.ची पसंती. काठ बघून अक्का आईची आठवण काढणार, नक्की. पिशवी दाराशीच ठेवलीय. उद्या जमेल ना?

रवि. १४, माजिवडा
हॉलवरच लिहितोय. वही पिशवीत घालून आणली.
इतक्या लवकर पोचलो की हॉलची झाडलोट चालली होती. अक्काने मला बघितलं आणि सौ.ला म्हणाली, "अगं, बाळ्याची तब्येत बरी आहे ना?" मग साडी हातात घेऊन काठावरून बोट फिरवत राहिली. नेसून पाटावर बसली. ताटात दिवेच दिवे. सगळ्या लेकीसुना ओवाळत होत्या. अक्का माझ्याकडे बघून लहानपणी हसायची तशी हसली.
आणि नेमकं तेव्हाच आठवलं. सौ. "बंद" म्हणाली, मी "पाहिलं, बंद" म्हणालो. पण मी पाहिलं का? बोललेलं आठवतं, बटण आठवत नाही. तेव्हा माझं लक्ष साडीच्या पिशवीकडे होतं.
शेजारी वै. मांडीवरचा फोन सारखा उलटसुलट करत होती.
"आला का चाचणीचा निरोप?" मी हळूच विचारलं.
"अजून नाही. आणि तुमचं काय बिनसलं?"
"कुठे काय?"
"चेहरा बघा, अप्पा."
सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आईंनी बंद केलंय, मी जिन्यातून ऐकलं. तरी जायचं असेल तर रिक्षा बघते. जाऊन बघून या."
मी अक्काकडे बघितलं. ती प्रत्येकाला पदर धरून दाखवत होती, "माहेरची आहे, भावाने आणली."
"नको," म्हटलं. "जेवूनच जाऊ."
"नक्की?"
"नक्की कुठलं? पण जेवून जाऊ."
वै.ने फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्या शेजारचं पान धरलं. तिचाही निरोप यायचाय, माझंही घर बघायचंय. श्रीखंड वाढायला आलेत.